जंगलाला ५ स्टार, गेटपासूनच्या पहिल्या दीडशे फुटांना १

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो. व्हीलचेअर घेऊन जाता येतं का? येतं, पण एकट्यानं नाही, दोन धट्टीकट्टी माणसं बरोबर पाहिजेत. संडास वापरता येतो का? नाही. आत गेल्यावर खरंच जंगल बघायला मिळतं का? मिळतं, भरपूर मिळतं, पण तिथल्या कुठल्याच बोर्डावर लिहिलेलं नाही असल्या वाटेनं. ती वाट कशी सापडली ते खाली सगळं लिहिलंय, थोडं लांबलंय पण वाचा, दुसऱ्या जंगलात गेलात तरी उपयोगी पडेल.

जागा म्हणजे आपल्या खानापूर भागातलं एक सरकारी वनोद्यान, बेळगावहून गाडीनं तास-सव्वा तास. नाव मुद्दाम घालत नाही. माझं जे काही म्हणणं आहे ते मी त्यांना लेखी दिलंय आणि त्यांनी ते नीट ऐकून घेतलंय, त्यामुळं आता नाव घेऊन बोट दाखवायची मला गरज वाटत नाही.

माझ्याबद्दल थोडं सांगायला लागेल नाहीतर पुढचं कळणार नाही. माझं मूळ गाव खानापूर तालुक्यातच, घराच्या परड्यातून उतरलं की जंगल सुरू. २००९ च्या मे महिन्यात जांभळाच्या झाडावरून पडलो, मणका गेला, कमरेखाली काही कळत नाही. तेव्हापासून व्हीलचेअर. आता बेळगावात शहापूरला राहतो, मार्केटमध्ये एका कापड दुकानाचे हिशेब बघतो, साईड व्हील लावलेली ॲक्टिव्हा आहे तिच्यावर गावभर फिरतो, म्हणजे घरात बसून आहे असं काही नाही. पण जंगल सुटलं ते सुटलंच. चोर्ला घाटातून गोव्याला मी दहा-बारा वेळा तरी गेलो असेन, कणकुंबीचा पाऊस बघितला, धुकं बघितलं, सगळं गाडीच्या काचेतून. बाकीचे उतरतात, भजी खातात, कड्यापाशी जाऊन फोटो काढतात, मी पुढच्या सीटवर बसून पिशव्या सांभाळतो. ह्यात कुणाची चूक नाही, पण पंधरा वर्षं पानांवर पाय पडल्याचा आवाज जवळून ऐकला नाही की मनात काय होतं ते ज्याचं त्यालाच कळतं.

तर ह्या फेब्रुवारीत ठरवलं, जायचंच. बायको, भाचा आणि आमचा एक मित्र. मित्राला जन्मापासून दिसत नाही, वडगावात भजनाला पेटी वाजवतो, कान एकदम तयार. दुसऱ्या एकाची ओम्नी घेतली, खुर्ची घडी करून मागं टाकली.

एक गोष्ट सांगतो जी चालत्या माणसाच्या लक्षात येत नाही. सहलीला जायचं ठरलं की माझं पाणी आदल्या रात्रीच बंद होतं. संडास असेल की नाही, असला तर खुर्ची आत जाईल की नाही, काही माहीत नसतं, मग प्यायचंच नाही. मणक्याच्या पेशंटला लघवीचं इन्फेक्शन फार पटकन होतं आणि डॉक्टर ओरडून सांगतात की पाणी भरपूर प्या. पण बाहेर पडायचं म्हटलं की पाणी तोडायचं, हे माझ्यासारख्या बऱ्याच जणांचं ठरलेलं आहे. त्यामुळं कुठल्याही जागेचा रिव्ह्यू मी संडासापासून सुरू करतो, नजारा नंतर.

आम्ही पोचलो दहा वाजता. पहिलं काय तर गेट. गुरं आत शिरू नयेत म्हणून आपल्याकडं लोखंडी पायपांचं वाकडंतिकडं गेट करतात, माणूस अंग तिरपं करून आत जातो, म्हैस अडकते. खुर्ची पण अडकते. शेजारी गाडी जायचं मोठं गेट होतं, त्याला कुलूप, आणि किल्ली ज्याच्याकडं तो माणूस गावात गेलेला. पस्तीस मिनिटं उन्हात. फेब्रुवारीचं ऊन काही मेसारखं नसतं, तरी खुर्चीची लोखंडी फ्रेम तापतेच, आणि माझ्या मांडीला चटका बसला तर मला कळत नाही, फोड आल्यावर कळतं. बायको दर दोन मिनिटांनी फ्रेमला हात लावून बघत होती, शेवटी तिनं पदर ओला करून घातला. तिकीट खिडकीतला पोरगा वरमला होता, दोनदा फोन केला बिचाऱ्यानं. मी यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगांचं सरकारी ओळखपत्र, दाखवलं तर माझं तिकीट माफ केलं. चांगली गोष्ट आहे, आभार. पण मी त्याला तिथंच म्हटलं, बाबा, तिकीट दुप्पट घे, पण त्या कुलपाची एक किल्ली ह्या खिडकीत ठेव.

गेट उघडलं, आत गेलो, तर समोर पांढरी खडी. नवीनच टाकलेली असणार, दोन्ही बाजूला रंगवलेले दगड, दिसायला सुंदर. व्हीलचेअर वापरणाऱ्याला खडी म्हणजे काय ते सांगतो. मागची मोठी चाकं कशीबशी चालतात, पण पुढची दोन छोटी चाकं असतात ना, ती खडीत रुततात आणि आडवी फिरतात, मागून जोर लावला की माणूस तोंडावर पुढं जातो. ह्याच्यावर एकच उपाय, खुर्ची उलटी फिरवायची आणि मागं मागं ओढायची. म्हणजे मी ज्या जंगलाकडं पंधरा वर्षांनी चाललोय त्याच्याकडं माझी पाठ, आणि मला दिसतंय काय तर पार्किंग. भाच्यानं ओढलं, सोळा वर्षांचा पोरगा, घामाघूम झाला. बाजूनं लोक जात होते, प्रत्येकजण थांबून बघत होता, मदतीला पण आले तसे दोघं.

मग माहिती केंद्र. तीन पायऱ्या. आणि हो, रॅम्प होता. लांबून बघून मला इतका आनंद झाला काय सांगू. जवळ गेल्यावर कळलं. बायको शिवणकाम करते, तिच्या पर्समध्ये इंच टेप कायम असतो, तो काढला आणि मोजलं. उंची २२ इंच, रॅम्पची लांबी ७ फूट. सरकारी नियम १ ला १२ चा आहे, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट उतार पाहिजे, रुंदी किमान १२०० मिलिमीटर आणि दोन्ही बाजूला धरायला कठडा. २२ इंचाला २२ फूट पाहिजे तिथं ७ फूट म्हणजे ती घसरगुंडी झाली. त्यात वर गुळगुळीत टाईल्स, घरातल्या हॉलमध्ये घालतात तसल्या. कठडा नाही. आणि खाली जिथं रॅम्प सुरू होतो तिथं मधोमध शेवंतीची कुंडी.

हा रॅम्प कुणी वाईट मनानं बांधलेला नाही हे मला माहीत आहे. कागदावर लिहिलं असेल ‘रॅम्प’, गवंड्यानं जागा उरली तेवढ्यात बसवला, बिल पास झालं. वापरणाऱ्या माणसाला एकदा तरी बोलवून त्याच्यावर चढवून बघितलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. माझी सगळ्यांना, म्हणजे शाळा देवळं मंगल कार्यालयं बांधणाऱ्या सगळ्यांना कळकळीची विनंती आहे, सिमेंट ओतायच्या आधी खुर्चीवाल्याला बोलवा, पैसे नको आम्हाला, चहा पाजा.

आणि मग झालं ते, जे नेहमी होतं. वनखात्याचे चार वॉचर, म्हणजे राखणदार, पळत आले. “बर्री सर बर्री, एत्कोंड होगतीव री.” म्हणजे या सर, उचलून नेतो. मी नको नको म्हणेपर्यंत चौघांनी चार बाजूंनी धरलं पण. त्यातल्या एकानं हात टेकायची पट्टी धरली, ती पट्टी काढता येणारी असते, गाडीत सरकून बसायला सोपं पडावं म्हणून, ती निघून त्याच्या हातात आली आणि खुर्ची डाव्या अंगाला कलली. मला पाय टेकवून सावरता येत नाही. पोटात खड्डा पडतो म्हणतात ना, तसं झालं. बायको किंचाळली. भाच्यानं खालची फ्रेम पकडली म्हणून वाचलो.

कुणाला ही वेळ आली तर लक्षात ठेवा, खुर्ची उचलायची तर आधी ब्रेक लावा, पट्टीला किंवा पाय ठेवायच्या प्लेटला कधीच धरू नका, मागची मुठीची दांडी आणि पुढची न निघणारी फ्रेम एवढंच धरायचं, आणि सगळ्यात आधी बसलेल्या माणसाला विचारायचं. त्या माणसांची माया मी नाकारत नाही, हात जोडतो त्यांच्यापुढं, आपल्या भागात माणूस अजून माणसाला उचलायला धावतो ही लहान गोष्ट नाही. पण चाळिशीतल्या बाप्याला बायकोसमोर, भाच्यासमोर, अनोळखी पोरींच्या मोबाईलसमोर पोत्यासारखं उचललं जातं तेव्हा त्याला काय वाटतं हे पण कुणीतरी लिहायला पाहिजे म्हणून लिहितोय. २२ फुटांचा नीट रॅम्प असता तर मी स्वतःच्या हातानं चाक फिरवत गेलो असतो आणि त्या चौघांशी हात मिळवून गप्पा मारल्या असत्या.

आतलं प्रदर्शन ठीक आहे. गवा, अस्वल, शेकरू, साप, सगळ्यांचे मोठे फोटो. जवळच्या भीमगड अभयारण्याची पण माहिती आहे. पण फोटो सगळे उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, मला मान वर करून बघायला लागलं आणि काचेवर ट्यूबलाईट चमकत होती. मित्राला तर तिथं काहीच नव्हतं. हात लावायला एखादं शिंग, एखादी साल, झाडाची बी, काही नाही. बोर्ड कानडी आणि इंग्रजीत, बायको इंग्रजी वाचून त्याला मराठीत सांगत होती, तो म्हणाला, “वहिनी, राहू द्या, बाहेर जाऊया की. पक्षी बाहेर ओरडालालेत आणि आपण आत फोटो बघालालोय.”

संडास. बाहेर खुर्चीचं चित्र काढलेला निळा बोर्ड, नवाकोरा. दाराला कडी आणि तारेनं बांधलेलं. तार सोडली तर आत झाडू, फिनेलचे कॅन, पाईपची गुंडाळी. तेवढं बाहेर काढायला लावलं असतं, पण दारच साडेबावीस इंच. माझी खुर्ची साडेपंचवीस. नियमात दार ९०० मिलिमीटर मोकळं पाहिजे, म्हणजे पस्तीस इंचाच्या वर, आत खुर्ची गोल फिरायला दीड मीटरचा घेर पाहिजे, भिंतीला धरायला दांड्या पाहिजेत. इथं चित्र होतं, बाकी काही नव्हतं. मला शेवटी गाडीत पडदा लावून काम उरकावं लागलं. जास्त लिहीत नाही. ज्या बाईमाणसांना व्हीलचेअर आहे त्यांनी अशा जागी काय करायचं, एवढाच विचार करून बघा.

इथंपर्यंत साडेअकरा वाजले होते आणि मी भाच्याला म्हटलं, चल, परत फिरूया, जांबोटीला जाऊन जेवू. ‘नेचर ट्रेल’ असा सुंदर बाण होता, पण त्याची सुरुवातच जांभ्या दगडाच्या उंच पायऱ्यांनी, पंचवीस-तीस तरी असतील, मग सिमेंटची अरुंद वाट, मध्ये मध्ये झाडाच्या मुळांनी उखडलेली.

तेवढ्यात त्या चौघांमधला एक वॉचर, पन्नाशीचा असेल, खुर्ची कलली तेव्हापासून गप्प गप्प होता, तो जवळ आला. म्हणाला, “सर, रागावू नका. पलीकडनं ट्रॅक्टर जायाची वाट हाय, फायर लाईनची. तिकडं कुणी पब्लिक जात नाही, पण सपाट हाय. जाताय काय?”

फायर लाईन म्हणजे वणवा पसरू नये म्हणून उन्हाळ्याच्या आधी जंगलात एक पट्टा साफ करून ठेवतात, पालापाचोळा गोळा करून जाळतात, म्हणजे आग आली तरी तिथं खायला काही मिळत नाही आणि ती थांबते. ट्रॅक्टर फिरून फिरून तिथली तांबडी माती अशी दाबून बसली होती की चाकाचा नुसता ठसा उमटायचा, रुतायचं नाव नाही. रुंदी सात-आठ फूट. चढ होता पण हलका, डोंगराच्या अंगालगत वळत वळत गेलेला.

मी भाच्याला म्हटलं, हात सोड.

आणि मी गेलो. स्वतःच्या हातानं. पंधरा वर्षांनी. पहिली शंभर फूट मी काही बोललो पण नाही. चाकाखाली ऐनाची वाळलेली पानं कुरकुर वाजत होती, मोठी पानं असतात ती, पायाखाली वाजायची तशीच वाजतात, मी दोन-तीन ठिकाणी मुद्दाम पानांच्या कडेनं चाक घातलं. उजवीकडं किंजळ, ऐन, नाणा, मधूनच जांभळीची गर्द सावली. एका जांभळीखाली थांबलो. मला वाटलेलं भीती वाटेल, नाही वाटली. खोडाला हात लावून बसलो जरा वेळ. बायको लांब उभी राहिली, जवळ आली नाही, तिला कळलं.

मित्राची तर चंगळ झाली. वॉचर अण्णांनी त्याचा हात धरून ऐनाच्या खोडावर ठेवला. ऐनाची साल चौकोनी भेगांची, मगरीच्या पाठीसारखी, तो दोन्ही हातांनी चाचपत राहिला, मग नाणाची साल, ती गुळगुळीत, थंड. म्हणाला, “हे दोन एका जातीचे कसे काय असतील, ह्याचा हात खरबरीत शेतकऱ्याचा आणि त्याचा बँकेतल्या माणसाचा.” आणि मग एकदम बोट वर करून म्हणाला, “गप, गप. काहीतरी मोठं येतंय.” आम्हा चौघांना काही ऐकू येईना. चार-पाच सेकंदांनी आला आवाज, हुस्स हुस्स हुस्स, कुणीतरी जाड सतरंजी झटकतंय तसा, आणि डोक्यावरून धनेशाची जोडी गेली. धनेशाच्या पंखांचा आवाज फार लांबून येतो, पण आम्ही डोळेवाले वर बघेपर्यंत ते गेले पण, भाच्याला शेपटाचं पांढरं तेवढं दिसलं. आमच्यात ज्याला दिसत नाही त्यालाच ते पूर्ण मिळालं. घरी येईपर्यंत तो पंखांचा ताल मांडीवर वाजवत होता.

पाऊण किलोमीटर गेलो असू, मग वाट नाल्यात उतरते तिथून परत. म्हणून म्हणतो, जंगलाला पाचपैकी पाच. मला अडवलं ते गेटनं, खडीनं, टाईल्सनं, साडेबावीस इंचाच्या दारानं. सगळं माणसांनी पैसे घालून बांधलेलं. जी वाट पाहुण्यांसाठी म्हणून कुणी बांधलीच नाही, ती नुसती दाबलेली माती होती, आणि तिनं मला नेलं.

हे मी माझ्या मनानं बोलत नाही. अमेरिकेत सरकारी जंगलातल्या पायवाटांसाठी २०१३ पासून अपंगांच्या सोयीचे वेगळे नियम आहेत, मी ते फोनवर भाषांतर करून वाचले. त्यात कुठंही काँक्रीट घाला म्हणून सक्ती नाही. जमीन घट्ट आणि स्थिर पाहिजे, वाटेची रुंदी किमान ३६ इंच पाहिजे. चढ १ ला २० च्या आत असेल तर कितीही लांब चालतो, १ ला १२ पर्यंतचा चढ सलग २०० फूट, त्याच्याहून जास्त असला की आणखी कमी अंतर, आणि मध्ये मध्ये थांबायला सपाट जागा. नुसती दाबलेली माती त्यात बसते. आपल्याकडं खानापूरच्या पावसात माती टिकणार नाही, चिखल होईल, शेवाळ धरेल, हे मान्य, जून ते ऑक्टोबर ती वाट बंदच ठेवायला लागेल. पण नोव्हेंबर ते मे, सात महिने, ती वाट तयारच आहे. फक्त एक बाण लावायचाय.

आपल्याकडं कायदा नाही असं पण नाही. २०१६ चा अपंग हक्क कायदा आहे, त्यात एकवीस प्रकारचं अपंगत्व मोजलंय, आणि सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत करमणुकीच्या जागा पण येतात. नियम आले जून २०१७ ला, आधीपासून असलेल्या इमारती पाच वर्षांत सुधारायच्या होत्या, म्हणजे २०२२ लाच मुदत संपली. पुढं नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रातुरी ह्यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की सोयींचे नियम नुसते ‘शिफारस’ म्हणून ठेवून चालणार नाही, किमान काही गोष्टी सक्तीच्याच पाहिजेत. रातुरींना स्वतःला दिसत नाही, आणि त्यांनी ही केस २००५ साली घातली होती. एवढी वर्षं एक माणूस ह्याच्यामागं लागला म्हणून तर मी टेप घेऊन नियम काय ते बोलू शकतोय.

तिथल्या एका साहेबांनी मला सरळ प्रश्न विचारला, तो चांगल्या मनानं विचारलेला म्हणून उत्तर इथं पण लिहितो. ते म्हणाले, “अहो पण तुमच्यासारखे येतात किती? वर्षात तुम्ही पहिलेच दिसला.” मी म्हटलं, साहेब, तीस पायऱ्या आणि कुलूप लावलेलं गेट असलं तर कोण येणार? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजलेत, ते काय सगळे घरात बसायच्या हौसेचे आहेत? आणि व्हीलचेअर सोडा, त्या दिवशी माझ्यासमोर एक आजी माहिती केंद्राच्या तिसऱ्या पायरीवर बसून राहिल्या होत्या, गुडघे धरून, सगळं घरदार ट्रेलवर गेलेलं आणि त्या चपलांच्या राखणीला. एक बाई बाबागाडी उचलून खडीतून चालली होती. ती वाट ह्या सगळ्यांची आहे. साहेब काही बोलले नाहीत, पण आजींकडं बघितलं त्यांनी.

आणखी एक, कारण हे कुणीतरी म्हणणारच. मला सगळं जंगल सपाट करून नकोय. भीमगड अभयारण्य, १९० चौरस किलोमीटर, २०११ ला जाहीर झालं, तिथं बारापेडेच्या गुहेत ती रॉटनची वटवाघळं आहेत, जगात फार थोड्या ठिकाणी सापडलेली. त्या गुहेपर्यंत रॅम्प करा म्हणून मी मेलो तरी म्हणणार नाही, तिथं चालत्या माणसांनी पण जाऊ नये असं माझं मत आहे. मी मागतोय ते जिथं ऑलरेडी गेट आहे, तिकीट आहे, सेल्फी पॉइंट आहे, कँटीन आहे, तिथलं. जिथं तुम्ही पब्लिकला बोलावलंय तिथं मी पण पब्लिकच आहे.

लेखी दिलंय ते थोडक्यात असं: गेटची किल्ली तिकीट खिडकीत. गेटपासून फायर लाईनपर्यंत खडी बाजूला करून चार फुटांची दाबलेल्या मातीची किंवा जांभ्याची सपाट पट्टी. संडासाचं दार मोठं करून दांड्या, हे सगळ्यात आधी. रॅम्प पाडून नीट बांधा, नाही जमलं तर माहिती केंद्रातली चार शिंगं, साली, बिया एका टेबलावर बाहेर झाडाखाली मांडा, टेबल बसलेल्या माणसाच्या उंचीचं, मग माझं पण काम झालं आणि माझ्या मित्राचं पण. बोर्डावर एक क्यूआर कोड, स्कॅन केलं की कानडी मराठी इंग्रजीत आवाजात माहिती. आणि फोन नंबर, आदल्या दिवशी फोन करून विचारता यावं म्हणून, कारण आमच्यासारख्यांना घरातून निघायच्या आधी सगळं माहीत लागतं.

कुंडी त्याच दिवशी हलवली, माझ्यासमोर. किल्लीचं पण केलं म्हणून तिकीट खिडकीतल्या पोरानं नंतर फोनवर सांगितलं. संडासाचं ‘वर पाठवतो’ म्हणालेत. मी नोव्हेंबरला पाऊस संपला की परत जाणार आहे, टेप घेऊन.

तुम्ही कुणी व्हीलचेअर घेऊन असल्या कुठल्याही जंगलात जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा, ऊन कमी आणि माती घट्ट. खुर्चीत हवा फुल, एक स्पेअर ट्यूब, उशीखाली घालायला टॉवेल, आणि पाणी प्या बाबांनो, पाणी तोडू नका, गाडीत पडद्याची सोय करून जा. गेटवर पोचल्यावर ट्रेल कुठं म्हणून विचारू नका, तो पायऱ्यांचाच निघणार. वॉचरपैकी जो सगळ्यात म्हातारा असेल त्याला बाजूला घ्या आणि विचारा, अण्णा, तुमचा ट्रॅक्टर कुठून जातो?